लठ्ठपणा : कुपोषणाचेच दुसरे रूप

२०२५ च्या फेब्रुवारी महिन्यात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या मासिक भाषणातून देशाला वाढत्या लठ्ठपणाविषयी सावध केले आणि प्रत्येकाने स्वयंपाकातील तेल दहा टक्क्यांनी कमी करावे, असे आवाहन केले. सल्ला वाईट नव्हता. वैद्यकशास्त्रही तेच सांगते. परंतु त्यानंतर तीनच महिन्यांनी, ३० मे रोजी, त्याच सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलांवरील मूळ आयातशुल्क वीस टक्क्यांवरून दहा टक्क्यांवर आणले. पुढे २२ सप्टेंबरपासून वस्तू व सेवा कराची जी नवी रचना अमलात आली, तीत बिस्किटे, चॉकलेटे, आइस्क्रीम, पुडीबंद शेव-फरसाण आणि झटपट शिजणाऱ्या नूडल्स यांवरील कर पाच टक्क्यांवर उतरला. म्हणजे तेल कमी खा, हा उपदेश गृहिणीला. आणि तेल, साखर व मैदा यांचा व्यापार वाढवा, ही सवलत उद्योगपतीला! उपदेशाला काही खर्च येत नाही, सवलतीसाठी मात्र सरकारी तिजोरीतून पैसे मोजावे लागतात. सरकारला खरोखर काय हवे आहे ते भाषणांवरून नव्हे, तर अशा हिशेबांवरूनच ओळखावे लागते.

लठ्ठपणाच्या प्रश्नाकडे पाहण्याची प्रस्थापितांची दृष्टी या विसंगतीतून स्पष्ट होते. त्यांच्या लेखी लठ्ठपणा हा व्यक्तीच्या असंयमाचा परिणाम आहे. जिभेवर ताबा नाही आणि अंगात आळस आहे, म्हणून माणूस सुटतो. दुर्दैवाने पुरोगामी चळवळीनेही हा प्रश्न निराळ्या कारणासाठी दूर ठेवला. लठ्ठपणा हा शेटजींच्या पोटाचा आजार, त्याच्याशी कष्टकऱ्यांचा काय संबंध, अशी तिची समजूत राहिली. व्यंगचित्रातला भांडवलदार नेहमी ढेरपोट्या आणि कामगार नेहमी हाडकुळा! या चित्राने चळवळीची अनेक दशके सोबत केली. आज ते खरे राहिलेले नाही.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी १२.६ टक्के आणि पुरुषांपैकी ९.३ टक्के प्रमाणाबाहेर वजनाचे होते. २०१९-२१ च्या पाहणीत हेच प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेले. पंधरा वर्षांत स्त्रियांमध्ये जवळजवळ दुप्पट, पुरुषांमध्ये दुपटीहून अधिक वाढ झाली. शहरांत दर तीन स्त्रियांमागे एक या वर्गात मोडते. खेड्यांतही हे प्रमाण पाचात एकच्या घरात पोचले आहे. देशात मधुमेहाने ग्रस्त असलेल्यांची संख्या दहा कोटींवर असल्याचा निष्कर्ष भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने काढला.

याच पाहणीचे दुसरे पान उलटले तर काय दिसते? पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आहेत, ३२ टक्के कमी वजनाची आहेत. १५ ते ४९ वयातील ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नाही आणि हे प्रमाण आधीच्या पाहणीपेक्षा वाढलेले आहे. प्रगत म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात २३.४ टक्के स्त्रिया अधिक वजनाच्या, तर २०.८ टक्के स्त्रिया अतिकृश. लठ्ठपणा वाढत आहे म्हणून भूक ओसरली, असे मुळीच घडलेले नाही. दोन्ही एकाच राज्यात, एकाच वस्तीत आणि पुष्कळदा एकाच घरात नांदत आहेत. आई स्थूल आणि रक्तक्षयी, मूल खुजे आणि वडील चाळिशीतच मधुमेही, अशी कुटुंबे झोपडपट्टीत काम करणाऱ्या कोणत्याही परिचारिकेला परिचित आहेत.

ज्या घरात पोट भरते पण शरीराचे पोषण होत नाही, त्या घरातील वाढलेले वजन हे समृद्धीचे लक्षण मानता येणार नाही. ते कुपोषणाचेच दुसरे रूप होय.

पुण्याच्या परिसरातील धडा

या विधानाला शास्त्रीय आधार कोठे मिळतो, हे पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याच्या परिसरातील खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांच्या पोटी आलेल्या मुलांवर पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास होते. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो भरले. पुण्याकडची बाळे लहान होती यात आश्चर्य नव्हते. आश्चर्य होते ते त्यांच्या शरीराच्या घडणीत. त्यांचे स्नायू आणि अवयव रोडावलेले होते, परंतु कातडीखालची चरबी त्या मानाने जवळजवळ शाबूत होती. 'कृश तरीही मेदयुक्त' असे हे भारतीय बाळ. गर्भात अन्नाची ओढाताण झालेले शरीर मिळेल ते चरबीच्या रूपाने साठवायला जन्मापूर्वीच शिकते; आणि पुढील आयुष्यात जेव्हा स्वस्त साखर, तेल व मैदा यांचा मारा होतो, तेव्हा तेच शरीर मधुमेह आणि हृदयविकार यांचे घर बनते. प्रौढांची अवस्थाही निराळी नाही. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघा शास्त्रज्ञांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली होती. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु चरबीचे प्रमाण इंग्रजाच्या अंगात ९.१ टक्के, तर भारतीयाच्या अंगात २१.२ टक्के!

याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि समाजवाद्यांनी ती विशेष ध्यानात घेतली पाहिजे. गरोदरपणात ज्या स्त्रियांवर शेतीच्या व घरच्या कष्टांचा भार अधिक होता, त्यांची बाळे अधिक लहान निघाली. ज्यांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे त्या मानाने मोठी होती. म्हणजे मुलाच्या प्रौढ वयातील मधुमेहाची बीजे आईच्या डोक्यावरच्या हंड्यात आणि तिच्या ताटातील रिकाम्या जागेत पडलेली असतात. ज्या राष्ट्राने आपल्या मातांना अर्धपोटी राबवले, त्याच्या पुढच्या पिढीला लठ्ठपणाच्या रूपाने त्याची परतफेड करावी लागत आहे. 'तेल कमी खा' या उपदेशात या मातेला कोठेच स्थान नाही.

ताट कोणी बदलले?

माणसे काय खातात हे त्यांच्या आवडीवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते बाजारात काय, कोणत्या भावाने आणि कोणाच्या धोरणामुळे उपलब्ध आहे यावर अवलंबून असते. महाराष्ट्राच्या पठारावरील कष्टकऱ्यांचे अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळीचे कालवण, पालेभाजी आणि तोंडी लावायला ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी. १९७० च्या सुमारास देशात ज्वारीखाली दीड कोटी हेक्टरांहून अधिक जमीन होती. आज ती चाळीस लाखांच्या आसपास आली आहे. ज्वारी लोकांना एकाएकी कडू लागू लागली म्हणून हे घडले नाही. सरकारी खरेदीचे बळ, संशोधनाचा पैसा आणि कालव्यांचे पाणी गहू, तांदूळ व ऊस यांच्या वाट्याला गेले. रेशनच्या दुकानात गहू-तांदूळच आले. कोरडवाहू शेतकरी सोयाबीन आणि कापूस यांकडे वळला. डाळींची कथा याहून करुण आहे. १९६१ साली देशात दरडोई दररोज ६९ ग्रॅम डाळ उपलब्ध होती. २००१ साली ती ३० ग्रॅमवर आली. पुढे परिस्थिती काहीशी सावरली, तरी साठ वर्षांपूर्वीची पातळी आजही गाठलेली नाही. गरिबाच्या ताटातील प्रथिने अशी हळूहळू काढून घेतली गेली आणि ती जागा पिठूळ अन्नाने भरली. भारतीयांना मिळणाऱ्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थ व साखर यांतून येतात, असे वैद्यकीय संशोधन परिषदेच्याच २०२५ मधील पाहणीत दिसून आले.

तेलाचाही इतिहास असाच आहे. १९८६ साली सुरू झालेल्या तेलबिया अभियानामुळे १९९० च्या दशकाच्या आरंभी देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ पासून पामतेलाची आयात खुली करण्यात आली. आज देश वर्षाला दीड कोटी टनांहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. एकूण गरजेच्या निम्म्याहून हा वाटा अधिक आहे, आणि त्यात सर्वांत मोठा हिस्सा पामतेलाचा आहे. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे दरडोई वार्षिक वापर १९.७ किलोवर गेला. वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस सुमारे बारा किलोंची आहे. हे सारे तेल गृहिणीच्या कढईत जात नाही. बिस्किटांत, फरसाणात, वेफर्समध्ये, हातगाडीवरच्या तळणीत ते मुरलेले असते. गृहिणीने आपल्या फोडणीतले दोन चमचे कमी केले, तरी मुलाच्या हातातील पुडीतल्या तेलावर तिची सत्ता चालत नाही.

२०२२-२३ च्या केंद्र सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत या बदलाचे प्रतिबिंब पडले आहे. ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चात तृणधान्यांचा वाटा १९९९-२००० साली २२ टक्क्यांहून अधिक होता, तो पाच टक्क्यांच्या आत आला. यात मोफत रेशनचा वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु वाचलेला पैसा कोठे गेला? पेये, तयार खाद्ये आणि प्रक्रिया केलेले अन्न यांवर ग्रामीण कुटुंब आता ९.६ टक्के खर्च करते. खाण्याच्या वस्तूंमध्ये हा सर्वांत मोठा खर्च झाला आहे. ज्या गावात वर्षभर टँकरने पाणी येते, त्या गावातील टपरीवरही रंगीत शीतपेयाची बाटली आणि पाच रुपयांची पुडी मिळते. पाच रुपयांत डाळ येत नाही, अंडे येत नाही, केळेही कष्टानेच येते. पुडी मात्र येते. मजुरीला निघालेली आई रडत्या मुलाच्या हातात ती ठेवते. यात तिचा अविचार नाही, तिची निरुपायता आहे. भांडवलाने तिच्या पाच रुपयांपर्यंत पोचण्याचा रस्ता बांधला. लोककल्याणकारी राज्याला तो बांधता आला नाही.

आणि जेथे राज्य पोचले होते, तेथूनही ते पाय मागे घेत आहे. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या मध्यान्ह भोजनात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी काढून घेण्यात आला. आठवड्याला एक अंडे या संपन्न राज्याला परवडेनासे झाले! त्याच वर्षी बिस्किटांवरचा कर मात्र उतरला.

श्रमाची विषम वाटणी

लठ्ठपणाचे दुसरे कारण म्हणून शारीरिक हालचालींच्या अभावाचा उल्लेख होतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पातळीवरील एका अभ्यासानुसार भारतातील पुरेशी हालचाल न करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००० साली २२ टक्के होते. २०२२ साली ते ४९ टक्क्यांवर गेले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२ टक्के आहे. यावरून देश आळशी झाला, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. खरे पाहता देशातील श्रम नाहीसे झालेले नाहीत. त्यांची वाटणी अधिकच विषम झाली आहे. बीड जिल्ह्यातून दिवाळीनंतर निघणारे ऊसतोडीचे जोडपे पहाटेपासून रात्रीपर्यंत कोयता चालवते, मोळ्या वाहते आणि उसाच्या फडाशेजारी पालात झोपते. त्या स्त्रीच्या अंगात रक्त नाही. तिने तोडलेल्या उसाची साखर शहरातल्या कारकुनाच्या, वाहनचालकाच्या, दुकानातील नोकराच्या अंगावर चरबी होऊन बसते. एकाचे शरीर कामाने झिजते, दुसऱ्याचे बसून फुगते. दोघेही वेतनावर जगणारेच आहेत, आणि आपल्या शरीरावर दोघांचीही मालकी उरलेली नाही.

मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण घ्यावे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. गिरणीतील काम कष्टाचे होते आणि त्याचा गौरव करण्याचे कारण नाही; कापसाच्या धुळीने छाती निकामी होत असे. परंतु त्या कामगाराच्या भोवती पाळ्यांचे ठरलेले तास होते, खानावळीतले ताजे जेवण होते, चाळीची व्यायामशाळा आणि कबड्डीचे मैदान होते. गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी ठेवला होता; २००१ च्या दुरुस्तीने तो हिस्सा केवळ रिकाम्या पडलेल्या जमिनीपुरता उरवला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. जेथे मैदाने व्हायची तेथे मॉल आणि मनोरे उभे राहिले. आज त्याच कामगाराचा मुलगा किंवा नातू त्या मनोऱ्याच्या दाराशी सुरक्षारक्षक म्हणून बारा तास बसतो. दुपारी वडापाव, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री दीड तासाचा लोकलचा प्रवास. त्याला 'रोज पाऊण तास चाला' असे सांगणाऱ्याने तो पाऊण तास कोठून आणायचा, हेही सांगितले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दैनिक तासांची मर्यादा नवावरून बारावर नेण्यास मंजुरी दिली. ज्याच्या दिवसातले बारा तास मालकाने आणि तीन तास प्रवासाने खाल्ले, त्याच्या घरी रात्री भाकरी थापली जाईल की पुडी फोडली जाईल, याचे उत्तर त्या निर्णयातच आहे.

स्त्रियांचा विचार करताना मात्र एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. जाते, उखळ, पाणवठा यांमुळे पूर्वीच्या बायका सडपातळ होत्या, असे गोडवे हल्ली पुष्कळ गायले जातात. जात्याने स्त्रियांची शरीरे सुदृढ केली नाहीत, त्यांची आयुष्ये दळून काढली. पिठाची गिरणी आणि घरातला नळ या स्त्रीमुक्तीच्याच पायऱ्या होत. प्रश्न असा की, त्यातून मोकळा झालेला वेळ आणि शक्ती तिला कोणत्या मैदानावर, कोणत्या खेळात, कोणत्या मोकळ्या रस्त्यावर घालवता आली? मुलगी वयात आली की तिचे धावणे थांबते. सून संध्याकाळी एकटी फिरायला निघाली की चार तोंडे चार गोष्टी बोलतात. घरातली हालचाल यंत्राने कमी केली आणि घराबाहेरची हालचाल पुरुषसत्तेने नाकारली. सत्तावन्न टक्क्यांच्या आकड्यामागे ही कोंडी आहे. तिच्यावरचा उपाय जात्याकडे परतण्यात नाही, उंबरठा ओलांडण्यात आहे.

काही आक्षेप

मेळघाटात आजही बालके दगावत असताना लठ्ठपणाची चिंता करणे हा मध्यमवर्गीय चैनीचा भाग नव्हे काय, असे काही कार्यकर्ते विचारतील. त्याचे उत्तर वर येऊन गेले आहे. भुकेचा आणि चरबीचा प्रश्न वेगळा काढता येत नाही. जे धोरण मेळघाटातील आईला डाळ आणि अंडे देईल, तेच तिच्या मुलाला चाळिसाव्या वर्षी मधुमेहापासून वाचवेल. शिवाय मधुमेह आता श्रीमंतांकडे थांबलेला नाही. श्रीमंताला तो झाला तर औषध मिळते. मजुराला झाला तर पाय कापावा लागतो.

दुसरा आक्षेप कराविषयी आहे. गोड पेये आणि पुडीबंद खाद्ये यांवर अधिक कर बसवला तर तो गरिबांच्याच खिशातून जाईल, असे सांगितले जाते. आणि विशेष म्हणजे एरवी गरिबांची आठवण नसलेले उद्योगपतीच हे सांगतात. आक्षेपात तथ्य आहे. कर गोळा करून तो तिजोरीत जिरवला, तर तो निश्चितच अन्याय ठरेल. परंतु त्याच पैशातून रेशनवर डाळ आणि शाळेत अंडे आले, तर गरिबाने दिलेला रुपया त्याच्याच ताटात परत येतो.

तिसरा आक्षेप निवडीच्या स्वातंत्र्याचा. लोकांनी काय खावे हे सरकारने का ठरवावे? पण आज ते कोणी ठरवत नाही, हे गृहीतकच खोटे आहे. चार वर्षांच्या मुलाला चित्रपटातील नट आणि क्रिकेटपटू दाखवून गोड पेयाची तहान लावणे, याला स्वातंत्र्य म्हणायचे असेल तर मग फसवणूक कशाला म्हणायचे? वेष्टनावर ठळक इशारा छापण्याची मागणी देशात अनेक वर्षे पडून आहे. २०२२ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने इशाऱ्याऐवजी ताऱ्यांचे मानांकन सुचवले. म्हणजे हानिकारक पदार्थालाही दीड-दोन तारे लावून मिरवता यावे! शेवटी एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या कामाची मुदत घालून द्यावी लागली.

हे काम अशक्य नाही. मका आणि घेवडा यांवर पोसलेल्या मेक्सिकोत १९९४ च्या मुक्त व्यापार करारानंतर शीतपेये व तयार खाद्ये यांचा पूर लोटला आणि तो देश जगातील अतिस्थूल देशांत गणला जाऊ लागला; तेथील सरकारने २०१४ पासून गोड पेयांवर लिटरला एक पेसो कर बसवला आणि त्यांची विक्री घटली. चिलीने २०१६ पासून वेष्टनांवर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले, मुलांना भुलवणारी चित्रे काढून टाकायला लावली, शाळांतून अशी खाद्ये हद्दपार केली. दीड वर्षात तेथे इशारापात्र पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी उतरली. खुद्द भारतातही तेल-तुपातील घातक ट्रान्स मेदाची मर्यादा जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणण्यात आली. कारखाने बंद पडले नाहीत. राज्यसत्तेने मनावर घेतले की उद्योग जुळवून घेतो, हाच याचा अर्थ.

मनावर न घेतल्यास काय होते, तेही दिसू लागले आहे. मार्च २०२५ मध्ये वजन उतरवणारे, आठवड्याला एकदा टोचून घ्यायचे औषध भारतीय बाजारात आले, तेव्हा त्याचा महिन्याचा खर्च चौदा हजार रुपयांपासून सुरू होत होता. एका हाताने रोग विकायचा, दुसऱ्या हाताने त्याचा उतारा विकायचा, आणि दोन्हींचा नफा राष्ट्रीय उत्पन्नात वाढ म्हणून मोजायचा, असा हा व्यवहार आहे.

मागण्या आणि कार्यक्रम

१९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. धान्य, तेल, साखर रास्त भावात मिळाली पाहिजेत, ही त्यांची मागणी होती, आणि त्या दुष्काळी काळात ती सर्वस्वी न्याय्य होती. त्या लाटण्याने एक गोष्ट सिद्ध केली : चुलीचा प्रश्न हा राजकारणाचा प्रश्न आहे. आज पन्नास वर्षांनंतर त्या मागणीचा पुढचा टप्पा मांडण्याची वेळ आली आहे. पोट भरते की नाही, एवढेच विचारून भागणार नाही. ते कशाने भरते, हेही विचारावे लागेल.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्याचाही समावेश आहे. तरीही रेशनवर ज्वारी अधूनमधून, काही जिल्ह्यांतच दिसते. २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, 'श्री अन्न' असे त्यांचे बारसे झाले, आणि नाचणीची बिस्किटे वातानुकूलित दुकानांत पोचली. नाचणी पिकवणाऱ्या आदिवासीच्या रेशनकार्डावर मात्र तांदूळच राहिला. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि डाळी यांची हमीभावाने स्थानिक खरेदी व रेशनवर नियमित वाटप, ही पहिली मागणी असली पाहिजे. तिने कोरडवाहू शेतकऱ्याचा आणि शहरी मजुराचा प्रश्न एकदमच सुटतो. शालेय भोजनातील अंडे परत आणणे, ही दुसरी. वेष्टनांवर काळे इशारे, मुलांना उद्देशून होणाऱ्या जाहिरातींवर बंदी आणि गोड पेये व पुडीबंद खाद्ये यांवरील कर थेट पोषणासाठी राखून ठेवणे, ही तिसरी. आठ तासांच्या दिवसाचे रक्षण ही चौथी. शंभर वर्षांपूर्वी ती विश्रांतीची मागणी होती, आज ती आरोग्याचीही आहे. आणि पाचवी, प्रत्येक प्रभागात व गावात खुले, दिवे असलेले, मुलींनाही निर्धास्तपणे वापरता येईल असे मैदान.

कार्यकर्त्यांना यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. शाळेच्या आवारापासून पन्नास मीटरांच्या आत अतिरिक्त मेद, साखर व मीठ असलेल्या खाद्यांच्या विक्रीला २०२० च्या नियमांनीच मनाई केली आहे. आपल्या वस्तीतील शाळेसमोर उभे राहून ते अंतर पावलांनी मोजता येते. विकास आराखड्यात मैदान म्हणून दाखवलेल्या जागेवर आज काय उभे आहे, हे तपासता येते. रेशन दुकानदाराला ज्वारी केव्हा आली होती, असे विचारता येते. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी एके काळी गावोगाव मुला-मुलींना एकत्र मैदानावर आणले. तेव्हा कोणी त्याला व्यायाम म्हटले नव्हते, समतेचे शिक्षण म्हटले होते. त्या शाखा जेथे मालवल्या आहेत तेथे पुन्हा पेटवणे, हा लठ्ठपणावरचा आणि जातिभेदावरचाही उपाय आहे.

वाढलेल्या वजनाच्या माणसाला हिणवणे हे समाजवाद्याचे काम नव्हे. त्या वजनामागे त्याच्या आईची उपासमार आहे, त्याच्या बापाची बंद गिरणी आहे, त्याच्या गावची मोडलेली ज्वारी आहे आणि त्याच्या मुलाच्या हातात पाच रुपयांची पुडी ठेवणारा बाजार आहे. वजनकाट्यावर उभा असतो एक माणूस. काटा दाखवतो ते मात्र सगळ्या व्यवस्थेचे वजन. ते उतरवायचे असेल तर गृहिणीच्या कढईतील तेल मोजून भागणार नाही. मंत्रालयातील फायली मोजाव्या लागतील, आणि त्यासाठी लाटणे पुन्हा हाती घ्यावे लागेल.